आतला ठण

आत्याला कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. कलिंगड घेताना सगळेच वाजवतात, त्यात काही विशेष नाही. पण आत्या बादल्या वाजवायची, दारं वाजवायची, पाहुण्यांनी आणलेल्या डब्यांची बुडं वाजवायची. एकदा बँकेत काही कामासाठी गेली, तर साहेबांच्या टेबलावर मधल्या बोटाचं पेर ठोकून म्हणाली, "लाकूड नाही हो हे. भुसा आहे. फसवलं तुम्हाला." बाबा आठवडाभर त्या बँकेच्या रस्त्याने गेले नाहीत.

तिचा धंदाच तो होता. घराला लागून बाबांचा घंटा ओतायचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबोडकी शेड. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला छताच्या तुळईला लटकवलेले आकडे आणि मध्ये मातीच्या साच्यांची गर्दी. शाळा, गिरण्या, बंदरं, आगीचे बंब, सगळ्यांच्या घंटा इथून जायच्या. बाबा ओतायचे आणि आत्या ऐकायची. साच्यातून निघालेली घंटा आकड्याला टांगली की ती लाकडी हातोडीने एकच टोला द्यायची, डोळे मिटायची आणि नाद पुरता विरेपर्यंत शेडमध्ये कुणाला नाक ओढायचीही सोय नसायची. मग ती सांगायची, कुठे तासायचं आणि किती.

"भरलेलं बद्द वाजतं, रिकामं ठण्ण वाजतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. "माणूस भरलेला बरा, घंटा रिकामी बरी. उलटं झालं की संपलं."

असं म्हणताना ती भाचीच्या डोक्यावर पेर ठोकायची. टक्.

"भरलेलं आहे हो. कशाने, ते विचारू नका."

या भाचीला घरात पुटपुटी म्हणत, कारण नववीपर्यंत तिचा आवाज स्वतःच्या नाकापुढे गेला नव्हता. हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजेरी लावायच्या. मग मागच्या वर्षी वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं, बदली म्हणून हिला पुढे ढकललं आणि तोंड उघडलं तर आतून एक भलामोठा, दणदणीत, तिला स्वतःलाही अनोळखी आवाज बाहेर आला. शेवटच्या रांगेतले पेंगणारे पाहुणे दचकून टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवसापासून ती थांबलीच नव्हती. जिन्यात बोलायची, न्हाणीघरात बोलायची, तोंडात घास असताना बोलायची. आई म्हणायची, "अगं, नळ गळत होता तेच बरं होतं, आता फुटलाय!" नाव मात्र पुटपुटीच राहिलं.

शाळेची जुनी घंटा तडकली आणि नवीचं काम बाबांकडे आलं, तेव्हा मोठ्या बाईंनी परस्पर ठरवून टाकलं की पहिला टोला पुटपुटीच देणार आणि त्याआधी भाषणही तीच करणार. मराठीच्या बाईंनी विषय दिला, एका शब्दाची गोष्ट. कुठलाही शब्द घे म्हणाल्या.

"ठण!" पुटपुटीने लगेच सांगून टाकलं.

"हा शब्द आहे का आवाज आहे?"

"तेच तर सांगायचंय बाई!"

मग काय, जो भेटेल त्याला तिने धरलं. आवाज एकच, पण त्याच्या पोटातून निघालेली पोरं बघा! आजारातून उठलेला माणूस ठणठणीत. दुखऱ्या जागी आतून घाव बसल्यासारखं होतं तो ठणका. रडून गोंधळ घातला की ठणाणा. न घाबरता सांगितलं की ठणकावून. आणि डब्यात पीठ नाही, खिशात दमडी नाही, घरात माणूस नाही, तर तिथे ठणठणाट. इतका मोठा आवाज आणि अर्थ काय, तर काहीच नाही! पुटपुटीला ही गंमत फारच आवडली होती. धडधाकट माणूस आणि रिकामा डबा, दोघांना एकाच घरातला शब्द कसा काय?

"आत्या, ठणकावून सांगणं म्हणजे नेमकं काय गं?" तिने विचारलं.

आत्या तेव्हा शेडच्या उंबऱ्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. साच्याची लोखंडी चौकट निसटून मनगटावर आदळली होती. हाड शाबूत होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतली सूज उतरायला महिने लागतील, तोवर हातोडी धरायची नाही. आत्याला बसणं माहीतच नव्हतं. दिवसभर ती शेडमधून घरात आणि घरातून शेडमध्ये करायची, नाहीतर डाव्या हाताने सगळं चुकीचं वाजवून चिडायची.

"ठणकावणं म्हणजे," ती म्हणाली, "आपल्यातला ठण उपसायचा आणि समोरच्याच्या टाळक्यात घालायचा."

"मग आपल्यात काय उरतं?"

"ठणठणाट!" आत्या खो खो हसली, हसताना हात हलला आणि लगेच कळवळली. "आई गं! मेला हा ठणका. तुझ्या भाषणात घाल हो याला. फुकट देते."

शाळेची घंटा साच्यातून निघाली ती मुकी.

दिसायला देखणी होती. कड एकसारखी, अंगावर एक बुडबुडा नाही, मधासारखा रंग. बाबांनी आकड्याला टांगली, टोला दिला. बद्द. गादीवर धपाटा घातल्यासारखा आवाज. त्यांनी पुन्हा दिला. बद्द. त्यांनी घंटेला रॉकेल लावून पुसलं, वर खडूची भुकटी चोळली. कुठे केसाएवढी चीर असली तर रॉकेल झिरपून तिथे काळी रेघ उमटते. एकही रेघ उमटली नाही. आत्याने कान लावला आणि डाव्या हाताने टोला दिला.

"हिच्यात काहीतरी भरलंय," ती म्हणाली.

बाबांनी खाली वाकून घंटेत डोकावलं. "काय भरलंय? हवा?"

"मला काय माहीत! भरलेली वस्तू अशीच वाजते. आतला ठण बाहेर यायला आत जागाच नाही."

वितळवून पुन्हा ओतायला वेळ नव्हता. कार्यक्रम सोमवारी होता. बाबा म्हणाले, मोठ्या बाईंना फोन करून पुढे ढकलायला सांगतो. पुटपुटीने मनात हिशेब केला. पुढे ढकललं की परीक्षा लागणार, मग सुट्ट्या, मग कसलं भाषण आणि कसला टोला.

दुपारी सगळे जेवून पडले होते. भट्टी विझलेली, शेडमध्ये राखेचा आणि ओल्या मातीचा वास. पुटपुटी भाषणाचा सराव करायला आली आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून घंटेसमोर उभी राहिली. पहिल्या दोन वाक्यांतच तिला राग आला.

"काय गं बये," ती घंटेच्या अंगावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यात एक ठण नाही आणि तिकडे आत्याच्या मनगटात ठणकाच ठणका. घे ना तिचा. घे आणि वाज एकदाची!"

तळव्याखालचा धातू थंड होता. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कुठलाही धातू थंड नसतो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात काढून घेतला. बोटांना मुंग्या आल्या होत्या. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तीच घंटेने. एकच टोला, लांबलचक, स्वच्छ, खिडकीच्या काचा नुसत्या गुणगुणायला लावणारा. ती धावत शेडमध्ये गेली. बाबा हसत होते, आई ओल्या हातांनी तशीच आली होती. आणि घंटेपाशी आत्या उभी होती. हातोडी तिच्या उजव्या हातात होती.

"अगं, हात!" आई म्हणाली.

आत्याने मनगट फिरवून दाखवलं. सूज नव्हती. "बरी आहे मी," ती म्हणाली. "ठणठणीत."

दिवसभर घरात आनंदीआनंद. डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, काही लोकांची तब्येतच अशी असते. पुटपुटीनेही आधी उड्या मारल्या. कालचं बोलणं तिला आठवलं, हसू आलं, मग ते अर्ध्यावरच राहिलं.

कारण आत्याने डॉक्टरांची बॅग वाजवून पाहिली नव्हती.

दुपारी भाजीत मीठ नव्हतं. आई स्वतःच ओरडली. आत्या मात्र ताटातलं मुकाट्याने संपवत होती. एरवी मीठ विसरलं तर तिने आईला संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं.

"आत्या, अळणी आहे ना?"

"हो," आत्या म्हणाली. "बरी आहे."

मग पुटपुटी तिच्यावर लक्ष ठेवायला लागली. आत्या जिना उतरली, तिसरी पायरी करकरली नाही. ती पायरी मांजर गेलं तरी करकरायची. आत्याच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, तिने कपडे वाळत घातले, बांगड्या एकमेकींवर आपटताना दिसत होत्या. नुसत्या दिसत होत्या. बाबा शेडमध्ये घंटा तासून मधूनमधून टोला देऊन बघत होते आणि प्रत्येक टोल्याला आत्या, असेल तिथे, असेल तशी थांबायची. तोंड किंचित उघडायची. नाद विरला की पुन्हा हलायची, पण पहिल्यापेक्षा जरा कमी. कमी म्हणजे काय, ते पुटपुटीला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चहा गाळून घेतलेल्या भुकटीत पुन्हा पाणी घालावं आणि पुन्हा गाळावं, तसं काहीतरी.

"आई, आत्याला काहीतरी झालंय."

"बरं झालंय तिला! तुला बघवत नाही का?"

"ती मला टोमणा मारत नाहीये."

"मग पेढे वाट," आई म्हणाली.

रविवारी सकाळी आत्या खिडकीत उभी होती. पुटपुटी मुद्दाम तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि डोकं पुढे केलं. "वाजव ना. भरलेलं आहे का बघ."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. गोड हसली. पाहुणे हसतात तसं.

"कुणाची तू?" तिने विचारलं.

पुटपुटीने तिला घट्ट मिठी मारली. काय करावं ते न सुचून मारली. तोंड आत्याच्या छातीत खुपसून ती म्हणाली, "आत्या!"

आणि आतून, खोलवरून, विहिरीत ओरडल्यावर येतो तसा तिचाच आवाज परत आला. "आत्या... त्या..."

तिने हळूच हात वर नेला. मधलं बोट वाकवलं. आत्याच्या पाठीवर पेर ठोकलं.

ठण्ण.

ती शेडमध्ये धावली. बाबांनी हातोडी उचलली होती.

"नका वाजवू! बाबा, नका!"

"अगं, शेवटचा टोला. मग गाडीत चढवायची तिला."

"बाबा, पाया पडते तुमच्या. आधी दोऱ्या घेऊन या. नाहीतर चहा प्या. काहीही करा, पण नका वाजवू!"

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. "भाषणाची धास्ती घेतलीस वाटतं," असं म्हणत ते दोऱ्या आणायला मागे गेले.

घंटा आकड्याला स्थिर लटकत होती. तरी तिच्या कडेला कान नेला तर आत बारीक काहीतरी चालू होतं. बांगड्यांची किणकिण. पायरीची करकर. कुणीतरी कुणालातरी टोमणा मारत होतं, शब्द कळत नव्हते.

पुटपुटीने दोन्ही हात घंटेवर ठेवले. धातू बर्फासारखा होता.

"परत दे," ती म्हणाली.

आवाज पुटपुटीचा निघाला. नववीतला. स्वतःच्या नाकापुढे न जाणारा.

आतली किणकिण चालूच राहिली.

तिने श्वास घेतला. पार पोटातून घेतला, स्पर्धेच्या दिवशी घेतला होता तसा. आणि मग ठणकावून सांगितलं, एकेक शब्द हातोडीसारखा.

"आत्याचं. आत्याला. परत. दे!"

प्रत्येक शब्दाला घंटा आतून उत्तर देत होती. बारीक, गोड गुणगुण. तिचा आवाज पितळी भांड्यात दूध ओतावं तसा आत जात होता.

"दे म्हणते ना!"

मग सगळं शांत झालं.

घरातून किंकाळी आली.

"आई गं! मेले! मेले मी! कुणी आहे का घरात, का सगळे गाडले गेलेत!"

पुटपुटी धावली. जिन्याची तिसरी पायरी तिच्या आधीच करकरत होती, कारण आत्या मनगट छातीशी धरून खाली येत होती, तोंडाने अखंड ठणाणा चालू. सूज परत आली होती, आधीपेक्षा दुप्पट. आई बर्फ शोधत होती. पुटपुटी मध्येच उभी राहून हसत सुटली.

"दात काय काढतेस, भवाने?" आत्या ओरडली. "इथे माझा जीव जातोय! आणि कालची भाजी कुणी केली होती गं? जीभ अजून अळणी आहे माझी!"

सोमवारी शाळेच्या पटांगणात घंटा टांगली, तेव्हा पुटपुटीची खात्री होती की आता ती बद्द वाजणार. ज्याचं त्याला परत गेलं, मग वाजायला उरलं काय? सगळ्यांसमोर फजिती होणार. होऊ दे. आत्या पहिल्या रांगेत बसली होती, हात गळ्यात अडकवून, शेजारच्या बाईंची खुर्ची डाव्या हाताने वाजवून बघत.

भाषण झालं. असं भाषण तिने आजवर केलं नव्हतं. एकही शब्द अडला नाही, एकदाही घसा कोरडा पडला नाही, बोलण्याआधी पोटात जी फुलपाखरं उडायची त्यातलं एकही उडालं नाही. आवाज पटांगणाच्या पलीकडच्या इमारतीवर आपटून परत येत होता. मराठीच्या बाई डोळे पुसत होत्या. टाळ्या बराच वेळ वाजल्या. पुटपुटीला त्या नुसत्या दिसल्या.

मग तिने दोरी ओढली.

घंटा वाजली. स्वच्छ, लांब, तरुण आवाजात. पक्षी उडाले, लहान मुलांनी कान झाकले. पुटपुटीने घाबरून आधी आत्याकडे पाहिलं, पण आत्या मजेत मान डोलवत होती आणि कुणालातरी सांगत होती की हे कान माझे, बरं का, ओतणारा नुसता ओततो.

म्हणजे सगळंच नीट झालं होतं. आत्याही परत, घंटाही वाजती. पुटपुटीला अगदी हलकं वाटत होतं.

घरी आल्यावर आईने तिच्यासाठी गरम गरम वाढलं. तिला भूक नव्हती. काल सकाळपासूनच नव्हती, पण त्याचं काही वाटतही नव्हतं. दमायला झालं नव्हतं. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "एवढी धावपळ झाली, पण पोरगी बघा कशी ठणठणीत!"

आत्या समोर येऊन बसली. दुखरा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बोललीस हो छान. माझी वाक्यं चोरलीस ती चोरलीस, पण बोललीस छान. इकडे ये बघू."

पुटपुटीने डोकं पुढे केलं.

"बघू तरी, एवढं बोलून झाल्यावर आत काही शिल्लक आहे का," आत्या म्हणाली आणि डाव्या हाताचं मधलं बोट वाकवून तिच्या डोक्यावर पेर ठोकलं.

आत्याचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. हात वरच्या वर थांबला. खिडकीची काच गुणगुणत होती. गुणगुण बराच वेळ विरली नाही.

शेडमधून बाबांचा खूश आवाज आला.

"वा! ही कुठली गं? एकदम निर्दोष आहे. हिला तासायला नको!"